केळीबागेत वाचलेलं किरणांचं पुस्तक

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते, तिथे भौतिकशास्त्राची पुस्तकं आतल्या खोलीत आहेत. त्या खोलीतल्या शेवटच्या कपाटाचा सगळ्यात वरचा खण अणुकेंद्र आणि किरणोत्सार या विषयांचा. मी मराठीत एम.ए. केलेलं, पुढे ग्रंथालयाचा अभ्यासक्रम. त्या खणाशी माझा संबंध एवढाच होता, की उन्हाळी सुट्टीत पुस्तकं उतरवायची, फडकं मारायचं, दाखल अंक नोंदवहीशी ताडून पाहायचे आणि होती तशी परत लावायची. ती पुस्तकं सहसा कुणी नेत नसे. काहींच्या शेवटच्या पानावर तारखेचा एकही शिक्का नव्हता.

काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, थायरॉइडची ग्रंथी काढली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं, की हा त्यातल्या त्यात सालस प्रकार आहे, पण राहिलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस घ्यावा लागेल. तो घेतला की काही दिवस तुमच्या अंगातून किरण बाहेर पडतील, तेव्हा लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, करंटशी त्याचा रोजचा संबंध. त्याने विचारलं, अंग भाजल्यासारखं होईल का? डॉक्टर म्हणाले, काही होणार नाही, तुम्हाला काही कळणारच नाही. कॅन्सर या शब्दाने मला घातली नव्हती एवढी भीती त्या ‘कळणारच नाही’ने घातली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि स्टुलावर चढून तो खण रिकामा केला.

भौतिकशास्त्राच्या मॅडम माझ्याबरोबर डबा खायच्या. त्यांनी गठ्ठा पाहिला, जाडजूड इंग्रजी पुस्तकं बाजूला सारली आणि पिवळ्या पडलेल्या पानांचं एक मराठी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. हे आधी वाचा, म्हणाल्या. गणित आलं की पान उलटायचं. भीती वाटली तर मात्र उलटायचं नाही, तिथेच थांबायचं आणि मला विचारायचं.

पुस्तक मी घरी आणलं. सासूबाईंनी ते उचलून पाहिलं. नेमकं हाडांच्या पंजाचं चित्र उघडलं गेलं.

“हाई कसानं पुस्तक शे?” त्यांनी विचारलं.

औषधाचं आहे, मी म्हणाले. त्यांनी ते मिटलं आणि देव्हारा असलेल्या खोलीतून उचलून बाहेर टीव्हीपाशी नेऊन ठेवलं. मग मी ते बाहेरच वाचायला लागले. तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. ती फरशीवर पालथी पडून चित्र रंगवायची आणि मी तिच्या शेजारी बसून वाचायची. पुस्तकात लिहिलं होतं, की फुटणाऱ्या अणुकेंद्राला जनक म्हणतात आणि फुटून जे उरतं त्याला कन्या. जनक संपतो तेव्हाच कन्या उरते. मी मान वर करून मुलीकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. मॅडमना विचारायचं ठरलं होतं, पण यात विचारण्यासारखं काय होतं?

एक गोष्ट मात्र मी विचारली. पुस्तकात अर्धायुष्य समजावून दिलं होतं. माझ्या पोटात जाणारं आयोडीन आठ दिवसांत निम्मं होणार, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याच्या निम्मं. पण त्यातला कोणता अणू आज फुटेल आणि कोणता महिन्याने, हे कुणालाच सांगता येत नाही. मी मॅडमना म्हटलं, जो जास्त दिवस थांबलाय त्याची वेळ जवळ आली असेल ना? त्यांनी घास खाली ठेवला आणि सांगितलं, नाही. अणूला म्हातारपण नसतं. कितीही थांबला तरी तो पहिल्या क्षणाइतकाच नवा असतो, आणि मग एकदम नसतो. 

डोस घ्यायच्या आधी थायरॉइडच्या गोळ्या बंद कराव्या लागतात आणि आयोडीन घातलेलं साधं मीठ सोडून सैंधव खावं लागतं. गोळ्या थांबल्या तशी मी मंदावत गेले. चेहरा सुजला, अंगात थंडी भरली, कुणी बोललं तर ते विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं उशिरा पोचायचं. अशा अवस्थेत नवरा मला नाशिकला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात हा डोस देतात त्या वॉर्डाचं दार जाड होतं. शिशाच्या डबीतून एक साधी कॅप्सूल आली. देणाऱ्याने ती लांब चिमट्याने पुढे केली, मी गिळली आणि तो मागे सरकला. उद्धटपणा नव्हता त्यात, सवय होती. तरीही त्याचं ते मागे सरकणं माझ्या मनातून जायला फार दिवस लागले. पुढे जेवण दाराशी यायचं. नर्स दुरून यंत्र धरायची, आकडा पाहायची आणि मान हलवायची. आकडा पुरेसा उतरला तेव्हा मला सोडलं. सूचनांचा कागद हातात दिला. त्यात मुलीला जवळ घ्यायला आणखी काही दिवस बंदी होती.

धुळ्यात आमच्या दोन खोल्या. तिथे लांब राहायचं कसं? म्हणून मी माहेरी, जळगावजवळ असोद्याला गेले. गावातल्या घरात नाही. तिथे माझ्या थोरल्या भावाची सून गरोदर होती. भाऊने मळ्यात सालगड्यासाठी न्हाणी-संडाससकट एक खोली बांधली होती. सालगडी सोडून गेला होता, खोली रिकामी होती. वहिनीने खाट, पांघरुणं आणि ताटवाटी आणून ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ ती डबा घेऊन यायची, ओट्याच्या पायरीवर ठेवायची आणि मागे जाऊन बांधावरून गप्पा मारायची. कुत्रं तेवढं खुशाल माझ्या पायाशी येऊन पडायचं आणि मीच त्याला हाकलायची.

थंडीचे दिवस होते. खोलीच्या तिन्ही अंगांनी केळी. घडांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या. वाऱ्यात त्या पिशव्या किंचित फुगायच्या आणि बसायच्या, आत कुणी श्वास घेत असल्यासारख्या. बागेला थंडी लागू नये म्हणून भाऊ बांधाबांधाने काडीकचरा पेटवायचा. त्याचा धूर जमिनीलगत ओळीओळींतून सरकत यायचा आणि झाडांचे बुंधे नाहीसे व्हायचे. वर नुसत्या पिशव्या तरंगत राहायच्या. मी या गावात वाढले, केळीच्या बागेत लपंडाव खेळले. पण दिवसभर एकटीने बागेसमोर बसायची वेळ कधी आली नव्हती. वाळकी पानं घासली की कुणीतरी पाय ओढत चालल्यासारखा आवाज येतो, हे मला तिथे कळलं.

मराठी पुस्तक मी बरोबर नेलं होतं. माझ्या घामातलं आयोडीन लागू नये म्हणून त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं आणि हातमोजे घालून पानं उलटायची. पहिल्याच दुपारी एका पानावर केळ्याचं नाव सापडलं. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी असतो. बटाट्यातही असतो, माणसाच्या शरीरातही. घाबरण्यासारखं काही नाही, असं लेखकाने लगेच पुढे लिहिलं होतं. मी डोकं वर केलं. समोर हजारो घड त्या निळ्या पिशव्यांत लटकत होते. मला घाबरल्यासारखं झालं नाही, पण कुणीतरी ओळख दाखवल्यासारखं झालं. त्यानंतर मी खाटेची दिशा बदलून घेतली, बागेकडे पाठ होईल अशी.

त्याच संध्याकाळी ती बाई पहिल्यांदा दिसली.

दिवस मावळत होता. मजूर केव्हाच गेले होते. मी ताट घासून ओट्यावर पालथं घातलं आणि वळले, तर आतल्या ओळीत एक बाई उभी. डोक्यावर पदर, हात पदराखाली, चेहरा पिशवीच्या मागे. मला वाटलं, वहिनीने कुणाला पाठवलं असेल. हाक मारली. ती हलली नाही. मग धुराचा एक पट्टा मधून गेला आणि तो सरल्यावर तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, कोणी नही ताई, पानं हालतात. पण त्या संध्याकाळी बाई परत आली. जागा तीच, उभं राहणं तेच. मी आत जाऊन कडी लावली आणि भाऊला फोन केला. तो बॅटरी घेऊन आला, सगळ्या ओळी फिरला. ठिबकच्या नळीखाली ओल होती, तिथे अनवाणी पावलं उमटलेली त्याला दिसली. मजूर बायकांची असतील, म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. घरी चल म्हणाला. सुनेसाठी मी नाही म्हटलं.

गोळ्या नुकत्याच परत सुरू झाल्या होत्या. डोकं अजून जड होतं आणि माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरला नव्हता. या औषधाने भास होतात का, हे मी पुस्तकात शोधलं. भासांबद्दल कुठे एक अक्षर नव्हतं. खरं तर त्याने बरं वाटायला हवं होतं. पण भास नसेल तर मग ते काय होतं?

तिसऱ्या संध्याकाळी मी कडी लावली नाही. ओट्यावर बसून राहिले. ती आली. या वेळी ती दोन ओळी पुढे आली आणि मी एकदम ओरडले, “जवळ येऊ नका. माझ्याजवळ येणं चांगलं नाही.”

ती थांबली.

“मी काही कराले नही आली, माय,” ती म्हणाली. “पाहाले आली.”

“काय पाहायला?”

“अंधार पडू दे जरा. तुह्या आंगातून उजेड पडते म्हनतात. तो पाहाचा हाये.”

आवाज म्हाताऱ्या नव्हे पण थकलेल्या बाईचा होता. तिला हाकलून द्यायला हवं होतं, की हसायला, मला कळेना. मी तशीच बसून राहिले. अंतर भरपूर होतं, तिला काही धोका नव्हता. हळूहळू तिचा पदर दिसेनासा झाला, मग पिशव्यांचा निळा रंग गेला. खोलीतला दिवा मी लावला नव्हता. आणि मग मीसुद्धा मांडीवरचा माझा हात उलटा करून पाहिला. उजेड पडत नाही, हे मी वाचलं होतं, मला माहीत होतं. तरी मी बोटांकडे बघत राहिले, फार वेळ. बोटं दिसत नव्हती.

“नही पडत,” ती अंधारातून म्हणाली. मग थोड्या वेळाने, “मह्या पोरीले बी सांगतलं व्हतं, उजेड पडते म्हनून.”

त्यानंतर तिने जे सांगितलं ते सगळं त्या अंधारातून आलं. गावच्या दुसऱ्या टोकाची ती. पोरगी बारावी झालेली. तिच्याही गळ्याची गाठ काढली होती. डॉक्टरांनी हाच डोस लिहून दिला होता. पण तेव्हाच शिरपूरचं स्थळ जमत आलं होतं. कुणीतरी घरात सांगितलं, की हे घेतलं की अंधारात अंग उजळतं, महिनोन् महिने. नवऱ्याच्या घरी ते कसं लपवणार? डोस राहून गेला. गळ्यावरचा वण सोन्याच्या पोतीखाली झाकून लग्न लावलं. आता वर्ष उलटलं होतं आणि पोरीला मानेच्या एका बाजूला परत काहीतरी हाताला लागत होतं. तिने ते फक्त आईला फोनवर सांगितलं होतं. मी मळ्यात येऊन राहिलेय हे गावात सगळ्यांना कळलं होतं. म्हणून ती रोज यायची आणि अंधार पडेपर्यंत थांबायची हिंमत न झाल्याने निघून जायची.

मी तिला दुसऱ्या दिवशी उन्हं असताना यायला सांगितलं. ती आली, बांधावर बसली, आणि मी ओट्यावरून तिला पुस्तक वाचून दाखवलं. वर्गात मुलं पेंगतात तशी ती पेंगली नाही. अर्धायुष्य मी तिला भाकरीच्या गोष्टीने सांगितलं: आज एक, आठ दिवसांनी अर्धी, पुढच्या आठ दिवसांनी चतकोर. तिने एकच प्रश्न विचारला, सगळं फुटून गेल्यावर मागे काय उरते? मी पान शोधलं. आयोडीन फुटून शेवटी झेनॉन नावाची एक हवा होते. ती कशातच मिसळत नाही, कुणाला काही करत नाही.

“म्हंजे सासासंगं जाते,” ती म्हणाली.

हो, श्वासाबरोबर जाते, मी म्हटलं. मग तिला स्पष्ट सांगितलं, की पुस्तक म्हणजे डॉक्टर नाही, पोरीला ताबडतोब दवाखान्यात न्या, माहेरपणाला म्हणून आणा पण आणा. ती उठली, पदर सारखा केला आणि ओळींतून निघून गेली. त्यानंतर मी असोद्यात होते तोवर ती परत आली नाही. मी मात्र दर संध्याकाळी त्या ओळीकडे बघायची.

धुळ्याला परतले तेव्हा मुलीने मला दारातच थांबवलं आणि विचारलं, तू संपलीस का? औषध संपलं का, असं तिला म्हणायचं होतं. मी हो म्हटलं आणि तिला उचललं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक तरुण बाई ग्रंथालयात आली. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. ती कॉलेजची नव्हती हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. म्हणाली, “आई म्हणाली, तुमच्याकडे एक पुस्तक आहे.”

तिने डोस घेतला होता. सासरी टायफॉइड सांगितला होता आणि माहेरी एका खोलीत दिवस काढले होते. आता डॉक्टरांनी घरी जायला, माणसांत राहायला परवानगी दिली होती आणि ती जळगावहून शिरपूरला निघाली होती. वाटेत धुळ्याला मुद्दाम उतरली होती. मी तिला आतल्या खोलीत पुस्तक काढून दिलं. ती खुर्चीवर बसली नाही. कपाटाला टेकून उभ्यानेच वाचत राहिली, एक पान पुन्हा पुन्हा. मग बाहेर येऊन हलक्या आवाजात विचारलं, “अजून आहे का माझ्यात?”

डॉक्टरांनी सांगितलंय ना, मी म्हटलं. त्यांनी सांगितलं होतं. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

मी तिला मॅडमकडे नेलं. प्रयोगशाळेत किरण मोजायचं यंत्र होतं, परीक्षेपुरतं बाहेर निघणारं. मॅडमनी त्याची नळी टेबलावर ठेवून बटण दाबलं. आम्ही तिघी लांब उभ्या होतो, तरी ते वाजायला लागलं. टिक. बराच वेळ काही नाही. टिक, टिक. पोरगी दचकली. मॅडम म्हणाल्या, हे तुझं नाही, हे कायमचं असतं. जमिनीतून येतं, भिंतींतून येतं, आकाशातून येतं. मग त्यांनी नळी माझ्या गळ्याशी धरली. आवाज तसाच राहिला, सावकाश. इतक्या महिन्यांनी काही नसणार हे ठाऊक होतं. तरी आतून घर रिकामं झाल्यासारखं वाटलं मला.

पोरगी पुढे आली. नळीपासून हातभर अंतरावर आली तशी ती टिकटिक लागोपाठ येऊ लागली, मग पत्र्यावर ज्वारीचे दाणे सांडावेत तशी झाली. मॅडम तिला भराभर समजावत होत्या, की हे यंत्र फार हळवं आहे, एवढं उरणं ठरलेलंच असतं, यापासून कुणाला धोका नाही. ती ऐकत नव्हती. ती एक पाऊल मागे गेली, आवाज विरळ झाला. पुढे आली, दाट झाला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि मला तिच्याकडे बघवेना. शेवटी ती दार ओलांडून व्हरांड्यात गेली, पार टोकाशी, आणि तिथून विचारलं, “मी नसताना पण वाजतंय का?”

“वाजतंय,” मॅडम म्हणाल्या.

ती तिथेच उभी राहून ऐकत राहिली. मॅडमनी बटण बंद केलं तेव्हा इतकी शांतता झाली, की मला ती नकोशी वाटली. बहुधा त्यांनाही, कारण त्यांनी उगाचच पंखा लावला.

तिला बसस्टँडपर्यंत सोडायला मी गेले. शिरपूरची गाडी लागलेली होती, निम्मी रिकामी. ती खिडकीशी बसली. मी खाली उभी होते. गाडी निघता निघता एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन चढली आणि तिच्या शेजारी येऊन टेकली. पोरगी लगेच उठली. बाईने तिला बस बस म्हटलेलं मला खालून दिसत होतं. मागच्या बाकावर जागा होती. तिथेही शेजारी एक लहानगा होता. ती बसली नाही. वरची दांडी धरून, ओढणी सारखी करत, दाराजवळ उभी राहिली. गाडी आग्रा रोडला वळली तेव्हाही ती उभीच होती.